चाचणी आवृत्ती आणि सात बोटांचा व्यापारी

भाऊजींचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही बाजूंनी छापलेलं होतं, कारण एका बाजूत भाऊजी मावत नसत. पुढे लिहिलं होतं, 'स्वयंसिद्ध गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं, स्मरणशक्ती हत्तीची.' मागे लिहिलं होतं, 'चेहरा पाहून मनातलं, मन पाहून खिशातलं आणि खिसा पाहून खानदानातलं ओळखणारे. यंत्रयुगातल्या छुप्या पाळतीचे कर्दनकाळ. सर्व कामे अत्यंत गुप्त.' मजकूर भाऊजींनी सांगितला होता आणि मेहुण्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून छापखान्यात दिला होता. यात माणसाचा असा एखादा अवयव घालायचा का, असं मेहुण्यांनी तेव्हा विचारून पाहिलं होतं. भाऊजींनी त्यांच्याकडे घारीच्या नजरेने पाहिलं आणि ती अत्यंत गुप्त कार्डं भाजीवालीपासून दंतवैद्यापर्यंत पाचशे लोकांना वाटून टाकली.

खरं सांगायचं तर भाऊजींची अठ्ठावीस वर्षं हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात गेली होती. काही लोक सापडलेल्या छत्र्या आणून देत, काही लोक हरवलेल्या छत्र्या घेऊन जात, आणि मधल्या खुर्चीवर बसून बसून भाऊजींची अशी समजूत झाली की या छत्र्या आपणच शोधतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि मेहुण्यांना मदतनीस नेमलं. मेहुणे म्हणजे त्यांच्या बायकोचे, म्हणजे ताईचे, धाकटे भाऊ. अक्षर चांगलं, स्वभाव गरीब, आणि ताईला नाही म्हणायची लहानपणापासून हिंमत नाही. माणूस कामाला लागायला एवढं पुरतं.

बुधवारी सकाळी बूटवाल्या मालकीणबाईंचं बोलावणं आलं. त्यांचं दुकान मापाचे बूट शिवणारं, तीन पिढ्यांचं. आत शिरलं की कातड्याचा आणि चिकटवायच्या रसायनाचा वास नाकात बसायचा तो जेवणापर्यंत उतरायचा नाही. भिंतीवर पायांचे लाकडी साचे टांगलेले, खाली लांबट बाकडं, आणि कोपऱ्यात टॉवेल पांघरलेला कॉम्प्युटर. मालकीणबाई काउंटरमागे बसून तयार बुटांच्या पुढच्या भागात रद्दी कागदाचे बोळे कोंबत होत्या, म्हणजे बुटांचा आकार राहतो. हे काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

"भाऊजी, घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासेच आधी फिरलेत," त्या बोळा दाबत म्हणाल्या. दुकानातला लहानथोर प्रत्येकजण मेहुण्यांचं ऐकून भाऊजींना भाऊजीच म्हणत असे. "माझ्या ग्राहकांच्या पायांची गुपितं गावभर झालीत. मुख्याध्यापिकाबाईंचा डावा पाय उजव्यापेक्षा एक माप मोठा आहे, हे बँकेच्या मॅनेजरांना कळलंय. मॅनेजरांच्या पायाला सहा बोटं आहेत, हे दंतवैद्यांना कळलंय. आणि दंतवैद्य तळव्याला हात लावला की रडतात, हे मुख्याध्यापिकाबाई मला काल विचारत होत्या."

"आणि हे सगळं ज्ञान कुठे होतं?" भाऊजींनी विचारलं.

"त्यात," मालकीणबाईंनी टॉवेलकडे हनुवटी केली. "आणि हिच्या डोक्यात."

हिच्या म्हणजे मापमावशींच्या. मावशी बावीस वर्षं त्या दुकानात ग्राहकांच्या पायांची मापं घेत होत्या. त्या बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या, मांडीवर मोजपट्टी, आणि मान खाली.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर हिने सोमवारी येऊ नये," मालकीणबाई म्हणाल्या. "ग्राहकांना मी काय तोंड दाखवू?"

इथे त्या कॉम्प्युटरची कुळकथा सांगायला हवी. अकरा महिन्यांपूर्वी तो दुकानात आला. मापं ठेवायचं सॉफ्टवेअर सुरू केलं तर पहिल्याच पडद्यावर परवान्याचा करार उघडला, एकशे बारा पानी, आणि खाली एक बटण, 'मला हे मान्य आहे'. जगातले सगळे शहाणे लोक तिथे डोळे मिटून बोट दाबतात आणि कामाला लागतात. पण त्या दिवशी सल्लागार म्हणून भाऊजी हजर होते.

"थांबा," ते म्हणाले होते. "न वाचता मान्य म्हणणाऱ्यांनी राज्यं घालवलीत. मी हा करार वाचून सांगतो."

तेव्हापासून भाऊजी दर गुरुवारी येऊन करार वाचत. प्रत्येक कलमात मागच्या तीन कलमांचा हवाला असे, आणि भाऊजी सचोटीने मागे जाऊन ती तिन्ही पुन्हा वाचत, त्यामुळे अकरा महिन्यांत ते एकेचाळिसाव्या पानावर पोहोचले होते. मान्य न म्हणणाऱ्यांसाठी कंपनीने चाचणी आवृत्ती ठेवली होती. तिच्यात सगळं करता येई, फक्त केलेलं साठवता येत नसे. संध्याकाळी यंत्र बंद केलं की पाटी कोरी. म्हणून रोज संध्याकाळी मावशी एकशे चाळीस ग्राहकांची यादी छापून काढत आणि रोज सकाळी ती समोर ठेवून पुन्हा पहिल्यापासून टाइप करत. दोन बोटांनी. त्या दोन बोटांना आता पट्ट्या बांधलेल्या होत्या.

मालकीणबाईंना ही पद्धत फार आवडली होती. रात्री यंत्रात काही राहतच नाही तर चोर नेणार काय, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि तरीही गुपितं फुटली होती.

"सोपं आहे," भाऊजी म्हणाले. मेहुण्यांनी वही उघडली. भाऊजी 'सोपं आहे' म्हणाले की मेहुण्यांचा आठवडा जाई. "लिहा, मेहुणे. सिद्धान्त पहिला. सॉफ्टवेअर कंपनी लोकांच्या पायांची कुरुपं विकते."

"कोणाला?" मेहुण्यांनी विचारलं.

"शत्रुराष्ट्रांना. सैन्य चालतं कशावर? पायांवर. तुमच्या गावात किती कुरुपं आहेत हे कळलं की चढाईचा मुहूर्त काढता येतो."

"बँकेचे मॅनेजर लढायला जाणार नाहीत, भाऊजी. ते कर्जसुद्धा देत नाहीत."

मावशींनी पहिल्यांदाच मान वर केली. "कंपनीला माझ्या गिऱ्हाइकांच्या टाचांचं काय पडलंय हो? घ्यायचीच असली माहिती तर घेऊ दे बापडी. लपवायची गोष्ट ती शेजाऱ्यापासून. लांबच्याला कळून काय बिघडतं?"

भाऊजींनी या मताची कीव केली. एकविसाव्या पानावरचं कलम त्यांनी तिथल्या तिथे तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि आपण स्वतः फोन तांदळाच्या डब्यात कसा ठेवतो तेही सांगितलं. तांदळात फोन वाजतो तेव्हा ताईला आधी पातेली उतरवावी लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसरा सिद्धान्त कॅमेऱ्याचा निघाला. पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्यावर आधीच एक चिकटपट्टी होती. भाऊजींनी तिच्यावर दुसरी लावली, दुसरीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर टॉवेल, आणि मावशींनी टॉवेलच्या आत डोकं घालून टाइप करावं असा हुकूम काढला. मावशी अर्धा तास आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा दंतवैद्यांच्या डाव्या पायाला चौदा बोटं झाली होती. तिसरा सिद्धान्त असा की समोरचा घड्याळजी प्रिंटरच्या आवाजावरून अक्षरं ओळखतो, बारीक ऐकायची त्याला सवय असते. म्हणून छपाई चालू असताना शेजारी उभं राहून मेहुण्यांनी सलग खोकायचं. यादी सहा पानांची होती. चौथ्या पानावर घड्याळजीच रस्ता ओलांडून औषधाची बाटली घेऊन आला. भाऊजींनी त्याच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं आणि बाटलीचा वास घेतला.

छापून आलेली यादी भाऊजी चाळायला लागले. पहिलं पान त्यांनी मोठ्याने वाचलं, दुसरं मनात. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचा अंगठा एका ओळीवर येऊन बसला तो उठेना. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय सापडलं?" मेहुण्यांनी विचारलं.

"काही नाही. ही यादी फार घातक आहे. हा फुटलेला बांध आजच्या आज बुजवला पाहिजे." त्यांचा आवाज बदलला होता. एरवी भाऊजींना रहस्य सुटण्यापेक्षा लांबण्यात रस असे. आज त्यांना घाई झाली होती, आणि मेहुण्यांना हे चमत्कारिक वाटलं.

"उपाय एकच, सापळा," भाऊजी म्हणाले. "आपण यादीत एक खोटा ग्राहक घुसवायचा. असा, की जगात नाही. मग तो कोणाच्या तोंडून बाहेर येतो ते बघायचं. जो बोलला तो सापडला."

अठ्ठावीस वर्षं आणि निवृत्तीनंतरची चार, एवढ्या काळात भाऊजींच्या डोक्यातून निघालेला हा पहिला बरा विचार होता. मेहुण्यांनी तो तारखेसकट लिहून ठेवला. गुरुवारी मावशींनी टाइप केलं, 'गालिचा व्यापारी. उजव्या पायाला सात बोटं. झोपेत चालतो, म्हणून घोट्याला घुंगरू बसवून हवं.' घुंगरू भाऊजींनी आयत्या वेळी घातलं, जिवंतपणा यावा म्हणून.

शुक्रवारी भाऊजींनी मेहुण्यांना दुकानात पाळतीला बसवलं. पाळत म्हणजे बाकड्यावर बसून पेपर वाचणं. दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा मावशी आपला खण आवरायला लागल्या. चष्म्याची डबी, बाम, आणि एक छोटी वही. वहीत त्या काहीतरी लिहीत होत्या.

"काय लिहिताय, मावशी?"

"माझ्यामागे जी येईल तिच्यासाठी. कोणाच्या पायाला कसा हात लावायचा ते. मॅनेजरांचा मोजा काढताना दुसरीकडे बघायचं, त्यांना लाजल्यासारखं होतं." त्यांनी पेन थांबवलं. "मला लोकांचे चेहरे लक्षात राहत नाहीत बघा. पाय राहतात. बावीस वर्षांत एवढंच शिकले. आता या वयात माझ्यापुढे पाय कोण करणार?"

मेहुण्यांनी पेपर वर धरला. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी भाऊजींना सांगितलं की मावशींनी काही केलेलं नाही.

"मलाही तसं वाटतं," भाऊजी म्हणाले. "पण कॅमेरा बाद, कंपनी बाद, घड्याळजीच्या बाटलीत खोकल्याचंच औषध. उरतं कोण? तर्काला दयामाया नसते, मेहुणे."

शनिवारी सकाळी ताईने चहाचे कप पुढे ठेवले आणि शेंगा निवडायला बसली.

"अहो," ती म्हणाली, "माणसाला सात बोटं असली तर बूट केवढा लागत असेल हो? आणि गालिच्याच्या व्यापाऱ्याने घुंगरू कशाला लावायचं?"

भाऊजींचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो फार हळू खाली ठेवला.

"मेहुणे, दार लावा," ते म्हणाले. मग ताईकडे वळून, खोल आवाजात, "तू कोणासाठी काम करतेस?"

"तुमच्यासाठी. एकतीस वर्षं झाली. सुट्टी नाही."

"विषय बदलू नकोस. या माणसाची माहिती तुला कोणी पुरवली? नाव सांग. मी तुला वाचवायचा प्रयत्न करीन."

"ताई, सांगून टाक," मेहुणे काकुळतीला आले. "नाहीतर मला हे सगळं लिहून घ्यावं लागेल."

ताई शेंगांची परात बाजूला ठेवून उठली. पायरीवरून फिरायला जायचे आपले बूट घेऊन आली. त्यांचा तळ मालकीणबाईंकडे बदलायला दिला होता, काल संध्याकाळीच आणले होते. डाव्या बुटात हात घालून तिने एक चुरगळलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. "पुढे कोंबलेला होता. पायाला टोचायला लागला म्हणून काढला. टाकायच्या आधी वाचला. छापलेलं असलं की मी वाचते."

गुरुवारच्या यादीचं तिसरं पान होतं ते. मेहुण्यांनी मनात हिशेब जुळवला. सकाळी यादी टाइप करून झाली की ती जुनी झाली. जुनी झाली की रद्दीत गेली. रद्दीचा बोळा करून मालकीणबाई स्वतःच्या हाताने तयार बुटांत भरत होत्या. अकरा महिने गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या पायाचं गुपित आपल्या बुटात घेऊन घरी जात होता.

"सापडलं," मेहुणे म्हणाले. "भाऊजी, मावशी सुटल्या. हा कागद दाखवला की झालं."

भाऊजी टेबलावर वाकले. त्यांचा अंगठा पुन्हा कागदावर गेला होता. सॉफ्टवेअरने नावं धंद्याच्या आद्याक्षराप्रमाणे लावली होती, त्यामुळे गालिचावाल्याच्या बरोबर खाली पुढची ओळ होती. ताईने त्यांचा अंगठा हळूच बाजूला केला आणि वाचलं, "'गुप्तहेर. दोन्ही बुटांत आतून सव्वा इंच उंच टाच. बाहेरून दिसू नये. कुटुंबाला कळू नये.'" तिने चष्मा वर केला. "हे कुटुंब म्हणजे मीच ना?"

भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

"लग्नाच्या फोटोत मी अनवाणी उभी होते, ते काय उगीच?" ताई म्हणाली आणि शेंगा घेऊन स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी दुकानात मुख्याध्यापिकाबाई, बँकेचे मॅनेजर आणि दंतवैद्य बाकड्यावर ओळीने बसले होते. एकमेकांच्या पायांकडे न बघण्याचा ते फार प्रयत्न करत होते. मावशी पिशवी भरून दाराशी उभ्या होत्या. भाऊजींनी पाऊण तास भाषण केलं. शत्रुराष्ट्रं आली, कॅमेरा आला, घड्याळजीचे कान आले, आणि शेवटी एकदाचे बोळे आले.

मालकीणबाई ताडकन उठल्या. "म्हणजे मी फोडली गुपितं? माझ्या दुकानात मीच? पुरावा काय?"

भाऊजींनी खिशातून कागद काढला. तो चार घड्या घालून, फक्त एक ओळ दिसेल असा. "हा व्यापारी. सापळ्यातला. माझ्या घरी आलेल्या बुटात सापडला."

"एका ओळीचं काय घेऊन बसलात? ती तुम्ही कुठूनही छापून आणाल. सगळं पान उघडा. माझं कशावरून?"

"घडी उलगडा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मुलांच्या मुठीतल्या चिठ्ठ्या काढून घेण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांनी सरळ हात पुढे केला.

भाऊजींनी कागद छातीशी धरला. मेहुण्यांना वाटलं, आता हे कागद गिळतात.

"नका उघडू," दारातून मावशी म्हणाल्या.

सगळे वळले.

"मला ठाऊक आहे खाली काय आहे. मीच टाइप केलंय, रोज सकाळी करते. ज्याचं आहे त्याने मला विश्वासाने सांगितलंय. माझी नोकरी जाऊ दे, ती जायचीच होती. पण माझ्या गिऱ्हाइकाचं असं चारचौघांत नको."

मॅनेजरांनी आपले दोन्ही पाय बाकड्याखाली ओढून घेतले. भाऊजींनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा मेहुण्यांकडे. मग ते बाकड्यावर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून काउंटरवर ठेवले आणि उभे राहिले. मेहुण्यांना त्यांचं टक्कल पहिल्यांदाच वरून दिसलं.

"सव्वा इंच," भाऊजी म्हणाले. "तो गुप्तहेर मी. कागद हा घ्या, पान पूर्ण आहे. आणि बाई, बावीस वर्षांत या मावशींच्या तोंडून काही फुटलं असतं, तर सगळ्यात आधी हे फुटलं असतं. मी दर गुरुवारी इथे येऊन किती ऐट करतो, ते तुम्ही बघता."

मालकीणबाईंनी पान वाचलं. काउंटरवरच्या एका तयार बुटातून बोळा काढला, सपाट केला आणि तोही वाचला. त्यावर मुख्याध्यापिकाबाई होत्या. मग त्या मटकन खाली बसल्या.

"पण रोज छापायला सांगितलं कोणी?" दंतवैद्यांनी विचारलं. "मी तर नेहमी मान्य दाबून मोकळा होतो."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले की एकेचाळीस पानं झाली आहेत, राहिलीत फक्त एकाहत्तर, आणि घाई केली तर आणखी दीड वर्षात निकाल लागेल. मेहुणे उठले. आयुष्यात प्रथमच न विचारता त्यांनी टॉवेल काढला आणि 'मला हे मान्य आहे'चं बटण दाबलं. काहीही झालं नाही. पडद्यावर 'साठवले' असं आलं आणि गेलं.

"मावशी," मालकीणबाई खाली बघत म्हणाल्या, "सोमवारी या. तुमचं पत्र करून देते. झाल्या प्रकाराबद्दल दुकानाला खेद आहे, असं व्यवस्थित छापून, खाली सही करून."

मावशींनी पिशवी बाकड्यावर ठेवली.

"छापू नका, बाई," त्या म्हणाल्या. "ते पुन्हा कोणाच्या तरी बुटात जाईल. मला चोर ठरवलंत ते या सगळ्यांना ठाऊक आहे ना? आता यांच्याच समोर तोंडाने माफी मागा."

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. एवढ्या ग्राहकांपुढे ते त्यांना जड गेलं, पण त्यांनी स्पष्ट आवाजात माफी मागितली.